मंडनशास्त्राचा नवा विद्यार्थी

एखाद्या सुशिक्षित गृहस्थाला ख्रिस्ती धर्माचें मंडनशास्त्र शिकावेंसें वाटलें, म्हणजे तो प्रथम जाडजूड इंग्रजी ग्रंथांकडे वळतो. तेथें ईश्वराचें अस्तित्व, चमत्कारांची साक्ष, येशूचें पुनरुत्थान अशीं प्रकरणें ओळीनें लावलेलीं असतात आणि प्रत्येक शंकेपुढें उत्तर तयार असतें. चार महिन्यांत त्याला पुष्कळ उत्तरें पाठ होतात. शंका मात्र त्यांतली एकही त्याची स्वतःची नसते.

या शास्त्राचें इंग्रजी नांव 'अपॉलोजेटिक्स'. क्षमायाचनेशीं त्याचा संबंध नाहीं. ग्रीक भाषेंत 'अपोलोगिया' म्हणजे न्यायसभेंत आरोपीनें केलेलें निवेदन. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन यानें रोमन बादशहा अँटोनायनस पायस याला उद्देशून असेंच निवेदन लिहिलें. तेव्हां आरोप न वाचतां हें शास्त्र शिकणें, म्हणजे फिर्याद न ऐकतां केवळ कैफियत वाचणें होय. ओरिजेन या बाबतींत मोठा प्रामाणिक. इ. स. २४८ च्या सुमारास त्यानें सेल्सस या टीकाकाराला आठ भागांत उत्तर दिलें, आणि तें देतांना त्याचीं वाक्यें इतकीं उतरून घेतलीं कीं, सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असूनही आज तो बराचसा वाचतां येतो.

परंतु मराठी अभ्यासकाला इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. १८३९ सालीं जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानें 'मतपरीक्षा' हें संस्कृत पुस्तक गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें लिहिलें. खऱ्या धर्माच्या त्यानें तीन कसोट्या ठरविल्या: संस्थापकाचें चमत्कारसामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य आणि तें सर्व मनुष्यजातीसाठीं असणें. आपल्याच मापानें कापलेल्या अंगरख्याची ही परीक्षा पंडितांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिली नाहीं. मराठी ज्योतिषी सुबाजी बापू यांनीं त्याच सालीं उत्तर दिलें कीं, निरनिराळ्या लोकांसाठीं ईश्वरानेंच निरनिराळे मार्ग योजले आहेत. कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांचें १८४० चें उत्तर याहून पुष्कळ तिखट होतें.

तिसरें उत्तर काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांचें, आणि या सर्व प्रकरणांत अभ्यासण्याजोगा मनुष्य तोच. कोकणस्थ कुळांत १८२५ सालीं झांशीनजीक त्यांचा जन्म झाला. काशींतील पाद्री विल्यम स्मिथ यांच्याकडे ते गेले ते त्यांना वादांत जिंकावयास. १८४४ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. एका अल्प आयुष्यांतील पापाला अनंत नरक देणारा ईश्वर दयाळू कसा? पूर्वजन्म नसेल, तर एक मूल सुखांत आणि दुसरें दुःखांत जन्मावें, हा न्याय कोणता? मंडनशास्त्राला याहून अवघड प्रश्न आजही कोणी विचारलेले नाहींत.

आणि हे प्रश्न विचारणारे शास्त्री मार्च १८४८ मध्यें जौनपूर येथें ख्रिस्ती झाले! मिशनऱ्यांनीं याला सत्याचा विजय म्हटलें, काशीच्या ब्रह्मवृंदानें अधःपात. दोन्ही निकाल जरा घाईचे होते. शास्त्रीबोवांचें नांव आतां नेहेम्या झालें. ज्या समाजांत ते वाढले, तो त्यांना अंतरला. १८६० मध्यें त्यांनीं 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांचें खंडन केलें. दर्शनें आंतून जाणणाऱ्याचा हा ग्रंथ असल्यामुळें त्याची धार वेगळी आहे. पण शंकांनीं त्यांची पाठ उतारवयापर्यंत सोडली नाहीं, असें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या, त्यांत गोऱ्यांच्या लेखनाचा वांटा होता. आणि पुढें त्याच रमाबाई आपल्या इंग्रज धर्मभगिनींशीं एकेका सिद्धांतावर पत्रांतून भांडत राहिल्या.

नव्या विद्यार्थ्यानें म्हणून गोऱ्यांचे हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावेत. विश्वासू असो वा अविश्वासी, त्यानें पहिल्यांतील प्रत्येक आक्षेप वहींत उतरून घ्यावा आणि दुसरा वाचतांना त्यासमोर मिळेल तें उत्तर लिहावें. जेथें उत्तर मिळणार नाहीं, तेथें पान कोरें ठेवावें. इंग्रजी ग्रंथांतून आयतें वाक्य आणून तें भरूं नये.