यंत्र घडतंय, तोवर या

आज पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या शिक्षणासाठी ज्यांनी स्वतःच्या गरजा मागे ठेवल्या, त्या आईवडिलांना माझा नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच राज्यात सहा क्यूबिटच्या, म्हणजे क्वांटम माहितीच्या सहा एककांच्या, क्वांटम प्रोसेसरची चाचणी यशस्वी झाली. त्याची चिप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. नियंत्रणाची आणि मोजमापाची यंत्रणा जुळवली डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेनं, जी मुळात पस्तिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी उभारलेली आहे. दुरून प्रोग्राम पाठवण्याची सोय टीसीएसनं केली. हे काम एकट्या भौतिकशास्त्रज्ञाचं नव्हतं. असा प्रोसेसर निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, अंशाच्या काही शतांशांत चालतो. त्यासाठी शीतकरण जाणणारा मेकॅनिकलवाला लागतो, मायक्रोवेव्हचे संकेत सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी लागते, अतिशुद्ध थर बसवणारा मटेरियल सायन्सचा विद्यार्थी लागतो.

यंत्राइतकीच त्यावर चालवायची रीतही महत्त्वाची. अशी एक रीत शोधणारे लव ग्रोव्हर दिल्लीच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकले. १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी शोध घेण्याची क्वांटम रीत मांडली. विस्कळीत दहा लाख नोंदींतून एक हुडकायला नेहमीच्या संगणकाला सरासरी पाच लाख वेळा तपासावं लागतं. ग्रोव्हर यांच्या रीतीनं सुमारे आठशे पायऱ्या पुरतात. क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम देतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराची लहर बळावेल, अशी मांडणी करावी लागते. ती मांडणी सुचणं, हीच खरी विद्या.

आजच्या क्वांटम यंत्रांकडून वारंवार चुका होतात. मोठी, उपयोगी गणितं त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणूनच करण्यासारखं पुष्कळ उरलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ६,००३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याची चार केंद्रं ठरली: संगणनासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, संदेशवहनासाठी आयआयटी मद्रास, संवेदकांसाठी आयआयटी मुंबई, पदार्थ आणि उपकरणांसाठी आयआयटी दिल्ली. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. एम.टेक., पीएच.डी. किंवा प्रकल्पाची जागा शोधताना या दारांवर जरूर थाप मारा.

पण प्रवेशाची वाट पाहत बसू नका. आयबीएमनं २०१६ मध्येच आपलं क्वांटम यंत्र इंटरनेटवरून खुलं केलं. त्यासाठी प्रोग्राम लिहिण्याचं क्विस्किट हे सॉफ्टवेअर विनाशुल्क मिळतं, पायथन येत असेल तर सुरुवात होते, आणि छोटं सर्किट खऱ्या यंत्रावर चालवून पाहता येतं. क्विस्किटचा कोड खुला आहे. त्यातला दोष शोधा, दुरुस्ती पाठवा. असं काम मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतं. त्याआधी रेषीय बीजगणित मात्र पक्कं करा. सदिश आणि सारणी यांच्यावाचून इथे पाऊल पडत नाही.

ज्यांना सुरक्षेत रस आहे, त्यांच्यासाठी काम आजच उभं आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची पीटर शोर यांची १९९४ ची रीत पुरेशा मोठ्या क्वांटम यंत्रावर चालली, तर याच कामाच्या अवघडपणावर उभी असलेली, आज सर्रास वापरली जाणारी आरएसए कूटपद्धती टिकणार नाही. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं क्वांटम यंत्रांपुढेही टिकावीत अशा कूटपद्धतींची तीन नवी मानकं जाहीर केली. बँका, रुग्णालयं, सरकारी दप्तरं अशा सगळीकडच्या जुन्या प्रणाली बदलायला हजारो हात लागतील.

मित्रांनो, तयार यंत्र चालवायला पुढे पुष्कळ लोक मिळतील. ते घडवायला आज माणसं कमी आहेत. तुमची शाखा कोणतीही असो, तुमच्या कामाची जागा इथे आहे. निकालाची घाई करू नका, अभ्यासाला मात्र उशीर लावू नका. जे शिकाल ते गावाकडच्या कॉलेजातल्या धाकट्यांना मराठीत समजावून सांगा.