पतपत्र, कागद आणि कपट



मी कायदेपंडित नव्हे. पालघरच्या बाजारपेठेत कापडाच्या गादीवर बसणारा वाणिज्य पदवीधर आहे. परंतु तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका स्नेह्यांवर जो प्रसंग ओढवला, त्यामुळे हा विषय समजून घेणे मला भाग पडले.

त्यांनी परदेशातून कृत्रिम धागा मागविला व त्यासाठी बँकेत एल.सी., म्हणजेच पतपत्र, उघडले. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर बोईसरला आला. वरच्या थरात धागा, खाली निव्वळ चिंध्या! ते बँकेत धावले, तो रक्कम अदा झालेली. "माल खोटा, मग पैसे दिलेच कसे?" हा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या पूर्वजांच्या जोखमी हुंडीत माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागत असे. पतपत्राची रीत निराळी. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. बीजक, जहाजाची भरणपावती, विमापत्र हे कागद अटींशी जुळले, की पैसे द्यावेच लागतात. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार कागदांच्या खरेपणाची जबाबदारीही बँकेवर नाही. ही शाश्वती नसेल, तर अनोळखी देशातील व्यापारी माल पाठविणारच नाही.

मग कपटाला मोकळे रानच का? तसे नाही. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात स्टाइन या खरेदीदाराचा दावा आला. लखनौच्या विक्रेत्याने राठ केसांऐवजी पन्नास पेट्यांत गाईचे केस व कचरा भरला, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे धरून न्यायालयाने ठरविले, की विक्रेत्याचे कपट पैसे देण्यापूर्वीच बँकेच्या लक्षात आणून दिले असेल, तर पतपत्राच्या स्वतंत्रतेची ढाल त्याला मिळणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली युनायटेड कमर्शियल बँक विरुद्ध बँक ऑफ इंडिया या खटल्यात बजावले, की अशा व्यवहारांत न्यायालयांनी सहसा मनाईहुकूम देऊ नये. पुढे १९८७ साली उत्तर प्रदेश सहकारी महासंघाच्या खटल्यातून दोन अपवाद ठळक झाले: व्यवहाराचा पायाच उखडणारे घोर कपट आणि कधीही भरून न येणारा अन्याय. केवळ संशय पुरत नाही. सबळ पुरावा लागतो. शिवाय मधल्या बँकेने सद्भावनेने पैसे दिले असतील, तर तिला संरक्षण मिळते. मग उरतो तो विक्रेत्यावरील दावा व फौजदारी तक्रार; आणि तो परदेशात!

माझ्या स्नेह्यांची गाडी इथेच चुकली होती. बँकेचे देणे त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडले. कामगारांचा पगार मात्र एकदाही थकविला नाही.

म्हणून तरुण उद्योजकांना माझी विनंती: पतपत्राच्या अटींतच स्वतंत्र तपासनिसाचा माल-तपासणी दाखला आवश्यक करा. विक्रेत्याची पत आधी पारखा. संशय येताच त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा व वकील गाठा. पैसे गेल्यावर उपाय फार थोडे उरतात.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नकली माल देणे, हाही एक आहे. न्यायालयाचा अपवाद क्वचितच उपयोगी पडतो. हा नियम मात्र विक्रेता म्हणून आपल्याला रोज पाळता येतो.