गळतंय, दुखतंय, खुपतंय: छोट्या स्वयंपाकघराचा हिशेब

इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळूर, दिल्ली, जिथून कुठून तुम्ही हे ऐकताय, तिथे तुमच्या घरात स्वयंपाकघर आहेच, आणि बहुतेकांचं ते लहान आहे. आज एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. हे लहान स्वयंपाकघर नवीन करायचं का, आणि करायचं तर कुठवर?

मी हैदराबादला राहते. फ्लॅट ३० वर्षांचा, स्वयंपाकघर ७ फूट बाय ८ फूट. एका भिंतीला कडप्प्याचा ओटा, खाली सिलिंडर, कोपऱ्यात सिंक, वर माळा. घरात चौघं: सासूबाई, नवरा, मुलगी आणि मी. मागच्या वर्षी मॉड्युलर किचनचं कोटेशन मागवलं. आकडा आला ३ लाख ४० हजार. त्याच सुमारास सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं होतं. आणि दोन्हींसाठीचे पैसे एकाच खात्यात होते.

मग सही करण्याआधी आम्ही एक काम केलं. एक वही आणली आणि दोरीने फ्रिजच्या हँडलला बांधली. नियम एवढाच की स्वयंपाकघरात ज्याला जे अडेल, ते त्याने तिथेच लिहायचं. उपाय लिहायचा नाही, अडचण लिहायची. १५ दिवस ती वही चालली. मग चौघांनी बसून वाचली. ‘चिरताना स्वतःचीच सावली पडते.’ ‘भांडी घासून कंबर धरली.’ ‘मिक्सरसाठी इस्त्रीचा प्लग काढावा लागतो.’ ‘सिंकखालचं पोतेरं रोज ओलं.’ मुलीने लिहिलं होतं, ‘टाइल्स बघून मैत्रिणींना आत आणावंसं वाटत नाही.’ आणि सासूबाईंच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘उभं राहवत नाही, म्हणून मला कुणी काही करू देत नाही.’

कोटेशनमध्ये ट्रॉल्या होत्या, चिमणी होती, सॉफ्ट क्लोज होतं. या ओळीवरचा उपाय त्यात कुठेच नव्हता.

आम्ही सगळ्या नोंदी तीन रकान्यांत लिहिल्या. गळतंय, दुखतंय आणि खुपतंय. पैसे याच क्रमाने खर्च करायचे ठरलं.

पहिला रकाना, गळतंय. यात पाणी, गॅस आणि वीज. सिंकखालची ओल आधी थांबवायची, कारण ती फक्त तुमची राहत नाही, खालच्या घराच्या छतात उतरते. शिवाय ओलीवर नवं कपाट चढवलं, तर प्लाय फुगतो. दुकानदाराला नुसतं ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ विचारू नका, फळीवरचा शिक्का बघा. मरीन प्लायवर आयएस ७१० असतं. आम्ही तर सिंकखाली लाकूड लावलंच नाही. जागा उघडी ठेवली, म्हणजे गळती पहिल्या दिवशी दिसते. सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायचं असेल, तर आधी पाइपाचा उतार मोजा. फुटाला पाव इंच तरी उतार लागतो. तो मिळत नसेल, तर सिंक आहे तिथेच राहू द्या.

गॅसचं सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरपुढे दार लावायचंच असेल, तर त्याला तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभाच, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. नळीवर तारीख छापलेली असते. सुरक्षा होज असली तरी ५ वर्षांत बदलायची. आणि वीज: मिक्सर, इंडक्शन, ओव्हन एका एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नका. जड उपकरणाला १६ अँपिअरचा सॉकेट आणि बोर्डापासून वेगळी वायर घ्या. हे काम टाइल्सच्या आधीचं. नंतर सुचलं, तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

दुसरा रकाना, दुखतंय. ओट्याची उंची कशी ठरवायची? चपला घालून ताठ उभे राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. चिरायला, मळायला ती उंची बरी. माझ्यासाठी ३५ इंच आले, नवऱ्यासाठी ३८, आणि ओटा होता ३० इंचांचा. पोळ्या नवरा करतो, कंबर त्याचीच जास्त धरायची. मग ओटा फोडायचा का? शेगडी आणि तिच्यावरची कढई मिळून पाच-सहा इंच उंची आपोआप वाढते, म्हणजे शेगडीपाशी ओटा ठेंगणाच बरा होता. अडचण होती ती चिरण्या-लाटण्यापाशी. सुताराकडून ६ इंच उंचीचा भक्कम पाट करून घेतला, तो ओट्यावर ठेवला. सिंकचा तळ ओट्याच्याही खाली असतो, म्हणून भांडी घासताना वाकावं लागतं. तिथे तळाशी उंच स्टीलची जाळी टाकली. आणि दिवा: ट्यूबलाइट पाठीमागे होती, म्हणून सावली पडायची. वरच्या फळीखाली एलईडीची पट्टी लावली, सावली गेली.

आता सासूबाईंची ओळ. इथे तुम्हाला थोडं लांब नेते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये कामगारांच्या घरांसाठी मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्याच घरांसारखं चिंचोळं. रेल्वेच्या डब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासलं होतं. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजी. त्यात बसून काम करण्यासाठी एक फिरतं स्टूल होतं. पण त्या आखणीवर एक टीकाही झाली: तिथे एकच बाई काम करू शकते, बाकीचं घर बाहेर राहतं.

आमच्या कोटेशनमधल्या नकाशात स्टूल नव्हतं आणि दुसऱ्या माणसाला जागाही नव्हती. आम्ही आधी माळा आवरला. वर्षातून एकदा लागणारी पातेली खालच्या फडताळात होती, ती वर गेली. रोजचे डबे हाताशी आले, जमिनीवरची डब्यांची उतरंड हलली. मोकळ्या झालेल्या भिंतीला २८ इंचांवर घडीची फळी लावली, समोर पाठ असलेली खुर्ची. आता सासूबाई तिथे बसून भाजी निवडतात, नारळ खवतात आणि आमटीत गूळ कमी पडला हेही तिथूनच सांगतात.

तिसरा रकाना, खुपतंय. पिवळ्या टाइल्स, जुना कडप्पा. हौस वाईट नाही, मुलीचं म्हणणंही खोटं नव्हतं. म्हणून ओट्यामागच्या तेवढ्या भिंतीला नव्या टाइल्स लावल्या आणि तिनेच निवडल्या. कडप्पा ठेवला. या दगडाचं नावच मुळी आंध्रातल्या कडपा जिल्ह्यावरून पडलंय, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एकूण खर्च ७० हजारांच्या आत बसला. उरलेले पैसे गुडघ्यासाठी शिल्लक राहिले.

सगळ्यांनी असंच करावं असं नाही. पाइप आतून सडलेला असेल, वायरिंग जुनाट असेल, तर ठिगळं लावू नका, थांबून पैसे जमवा आणि एकदाच सगळं उखडून करा. भिंत पाडायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या. भाड्याचं घर असेल, तर जे उचलून नेता येईल तेवढंच करा: पाट, जाळी, घडीचं टेबल, दिवा.

आणि वही लिहाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला लिहू द्या. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील, तर त्यांना आधी. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणाऱ्या त्या असतात आणि कोटेशन वाचताना त्यांना कुणी बोलवत नाही. १५ दिवसांनी तीन रकाने पाडा. कंत्राटदाराला फोन त्यानंतर करा.