मुलांचा मधुमेह : प्रश्न औषधाचा आणि व्यवस्थेचाही
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मधुमेह हा सुखवस्तू प्रौढांचा आजार, अशी आपली रूढ समजूत आहे. शेतमजुराच्या ८ वर्षांच्या मुलीला मधुमेह झाला असे सांगितले, तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बसलाच, तर मुलीला गोड फार दिले म्हणून तो आईला बोल लावतो. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात दोष आईचा नाही आणि गोडाचाही नाही.

इन्सुलिन बाहेरून मिळाले नाही, तर असे मूल जगत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला दिले. या औषधावर कोणाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. आज जगातील इन्सुलिनचा बहुतांश व्यापार तीन कंपन्यांच्या हाती आहे!

परंतु कंपन्यांना दूषणे देऊन आपली जबाबदारी संपत नाही. सतत तहान, वारंवार लघवी, सुटलेली सवय परतून अंथरूण ओले होणे, झपाट्याने रोडावणे ही लक्षणे दिसताच बोटातील थेंबभर रक्त तपासले, तर निदान काही क्षणांत होते. ते न झाल्यास उलट्या, पोटदुखी, धाप आणि बेशुद्धी येते. पोटाचा विकार समजून उपचार होतात आणि मूल दगावते.

निदानानंतरची वाटही सोपी नाही. रोज अनेक इंजेक्शने, रक्ततपासणीच्या पट्ट्या, वेळेवर जेवण. साखर एकाएकी उतरून घाम व कंप सुटला, तर तत्काळ साखर किंवा ग्लुकोज. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढते, आणि त्याच वयात मूल चारचौघांत सुई टोचून घ्यायला संकोचते. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने आजार लपविणारी घरेही आहेत.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या या तिन्ही गोष्टी सरकारी दवाखान्यात विनामूल्य आणि अखंड मिळाल्या पाहिजेत, शिक्षकांना व आशासेविकांना ही लक्षणे शिकविली पाहिजेत. शीतकपाट नसलेल्या घरात ओल्या मडक्यातही इन्सुलिन गार राखता येते. गरीब आई तेवढे निश्चित करील. तिच्या मडक्यात ठेवायला औषध पोहोचविणे, हे मात्र समाजाचे काम आहे.