स्क्रिप्टचे ओळवार वाचन

आज्ञावली लिहिण्यास नुकताच आरंभ केलेला विद्यार्थी बहुधा तयार स्क्रिप्ट उतरवून घेतो आणि ती चालली की समाधान मानतो. परंतु एखादी ओळ तेथे का आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ती वगळण्यातील धोकाही उमगत नाही.

उदाहरणादाखल जयपूरच्या झोटवाडा औद्योगिक क्षेत्रातील एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणावा. कामगारांच्या हजेरीच्या फाइली दिवसभर संगणकात जमा होतात. सायंकाळी त्यांचे एकत्रीकरण करणे, प्रत सुरक्षित ठेवणे व मूळ फाइली पुसणे, हा कामाचा ठरलेला क्रम होय. तो सहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये मांडता येतो.

पहिली ओळ हॅश व उद्गारचिन्ह यांनी सुरू होते. पुढील मजकूर 'बॅश' या शेलने वाचावा, असे ती सांगते. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ मध्ये प्रसृत झाला. दुसरी ओळ 'सेट उणे ई' अशी आहे. तिसरी ओळ 'सीडी' या आज्ञेने हजेरीच्या फोल्डरमध्ये नेते. चौथीतील 'सॉर्ट' सर्व नोंदी क्रमवार लावून अहवालाच्या फोल्डरमध्ये एक फाइल तयार करते. पाचवीतील 'सीपी' त्या फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवते. सहावीतील 'आरएम' मूळ फाइली पुसून टाकते.

यांपैकी दुसरी ओळ प्रत्यक्ष काम काहीच करीत नाही. म्हणूनच ती निरुपयोगी वाटते. तिचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्येक आज्ञा संपताना एक संकेतांक देते. शून्य म्हणजे यश. अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. मात्र शेल स्वभावतः अपयशी आज्ञेनंतरही पुढची ओळ चालवितो. समजा, डिस्क भरल्यामुळे चौथी ओळ अर्धवट राहिली. पाचवी ओळ त्या अपुऱ्या फाइलची प्रत घेईल आणि सहावी मूळ नोंदी नष्ट करील. ज्याची हजेरी गेली, त्याची मजुरीही अडेल. 'सेट उणे ई' असल्यास स्क्रिप्ट चौथ्या ओळीवरच थांबते व मूळ फाइली सुरक्षित राहतात.

अर्थात हे संपूर्ण संरक्षण नव्हे. अनेक आज्ञा 'पाइप'ने जोडल्यास केवळ शेवटच्या आज्ञेचा संकेतांक ग्राह्य धरला जातो. त्यासाठी 'पाइपफेल' हा पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

अशा ओळवार विवेचनाला भारतीय भाषांची जोड देण्याचा उल्लेखनीय प्रयत्न मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने केला. माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत साकारलेल्या या प्रकल्पात पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच राहतात, तर स्पष्टीकरणाचा आवाज मराठीसह विविध भाषांत ऐकू येतो. साधारण दहा मिनिटांचा पाठ ऐकत विद्यार्थ्याने तीच कृती शेजारी करून पाहावी, अशी ही पद्धत आहे.

परीक्षेत स्क्रिप्ट समोर आल्यास प्रत्येक ओळीस दोन प्रश्न विचारावेत: ही ओळ काय करते? आणि ती फसली तर पुढच्या ओळीचे काय होईल? तिसऱ्या ओळीतील फोल्डरचे नाव बदललेले असेल आणि दुसरी ओळ नसेल, तर सहावी ओळ कोणत्या फाइली पुसेल, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतः लिहून पाहावे.