रिपोर्ट चांगले, तरी पाळणा हलेना



भर पावसात नांदगाव तिठ्यावरून एसटी धरून एक जोडपं माझ्याकडे आलं. तिनं पदराआड फाईल जपली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तो दाराबाहेरच उभा. तीन वर्षांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. ती म्हणाली, "डॉक्टर, काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. आता घरात सगळी माझ्याकडेच बघतात."

स्त्रीबीज दर महिन्याला सुटतं, गर्भनलिका मोकळ्या आहेत, नवऱ्याची वीर्यतपासणीही ठीक आहे, तरी वर्षभर दिवस राहत नाहीत. मूल न होणाऱ्या दर शंभर जोडप्यांत साधारण 15 ते 30 जोडप्यांचं असंच असतं. कारण आजच्या तपासण्यांना दिसत नाही, एवढाच याचा अर्थ. त्यात बाईचा दोष कुठून आला?

वय कमी असेल आणि लग्नाला फार दिवस झाले नसतील, तर थोडं थांबणं हाही उपचारच. दिवस राहण्यासाठी स्त्रीबीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि ते सुटण्याचा दिवस महत्त्वाचे. तंबाखू, दारू दोघांनीही सोडावी.

पुढची पायरी आययूआय. लेट्रोझोल किंवा क्लोमिफेनच्या गोळ्या देऊन, योग्य दिवशी निवडक शुक्राणू बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. असं तीन-चार वेळा करूनही यश आलं नाही, तर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्मलं, म्हणजे हे तंत्र काही नवं नाही. पण यशाची खात्री यातही नाही. म्हणून आधीच विचारा: आमच्या वयात यश किती, एकूण खर्च किती? 2021 च्या कायद्यानं हे उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. तीही बघून घ्या.

देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण बाईनं पस्तिशी ओलांडली असेल तर वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे या. आणि दोघंही या.

ते जोडपं पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. या खेपेला तो आत येऊन तिच्या शेजारी बसला. फाईल त्याच्या हातात होती.