पाठ झाले, आचरले काय?



१९१२ साली जावा बेटावरील योग्यकर्ता शहरात अहमद दहलान यांनी 'मुहम्मदिया' ही संस्था काढली. त्यांची एक हकीकत सांगतात. कुराणातील 'माऊन' हा सात आयतांचा अध्याय ते पुनःपुन्हा शिकवीत. अनाथाला हाकलणारा, भुकेल्याची पर्वा न करणारा आणि दिखाऊ नमाज पढणारा यांचा त्यात धिक्कार आहे. विद्यार्थी कंटाळले, म्हणाले, 'पाठ झाला, पुढे चला.' गुरुजींनी विचारले, 'आचरला काय?' आणि गावातील अनाथ-गरीब शोधून त्यांना खाऊपिऊ घालण्यास विद्यार्थ्यांना धाडले.

या एका प्रश्नात इस्लामी शीलशिक्षणाचे तत्त्वज्ञान सामावले आहे, असे आम्हांस वाटते. १०३० साली वारलेल्या इब्न मिस्कवैह याने 'तहजीब-अल्-अखलाक' या ग्रंथात ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगितले की, शील म्हणजे मनाची अशी घडण, जिच्यातून कृती सहज घडते. ही घडण सरावाने बदलते. आणि गुहेत एकट्याने बसणाऱ्याला सद्गुणी म्हणता येत नाही. न्याय आणि औदार्य चार माणसांतच कसाला लागतात.

गझालीने (१०५८–११११) पुढचा प्रश्न काढला. कंजुषाने उदार होण्यासाठी प्रथम जिवावर आले तरी देत राहावे. पुढे देण्यातच सुख वाटू लागते. पण लौकिकासाठी दिले, तर ते शील नव्हे. सरावाला नियत हवी, आणि ती ईश्वराकडे वळलेली हवी. आपले शिकवणे कीर्तीसाठी चालले आहे, हे उमगल्यावर १०९५ साली त्याने बगदादच्या निजामिया विद्यालयातील मानाची जागा सोडली!

आधुनिक काळात हा धागा तुटला नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० साली काढलेल्या उर्दू नियतकालिकाचे नाव 'तहजीब-उल-अखलाक' हेच होते. १९७७ साली मक्केच्या शिक्षण परिषदेत अल्-अत्तास यांनी 'अदब' हाच शिक्षणाचा गाभा मानला. अदब म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. प्रत्येक गोष्टीचे योग्य स्थान ओळखून तसे वागणे होय.

संघटनेच्या कामात आम्ही सभेत शपथ घेणारे पुष्कळ पाहिले. ती शपथ अंगवळणी पडली की नाही, हे संप लांबून घरचे पीठ संपले म्हणजे कळते. नीतीचा तास ठेवून गुण देणाऱ्या शाळा सर्वच धर्मांत आहेत. त्यांना आणि स्वतःलाही आपण दहलानांचा तोच प्रश्न विचारावा : आचरले काय?